डावा वेगळा, उजवा वेगळा

पनवेलच्या बाजारात चप्पल घेताना आमच्या घरतभाऊंनी एकदा दुकानदाराशी वाद घातला. तो बिचारा बिलावर 'चप्पल, एक जोड' लिहीत होता. भाऊ म्हणाले, "जोड कसला? डावी एक, उजवी एक. दोन ओळी कर." दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी ओळख नसल्यासारखा बाहेर जाऊन उभा राहिलो.

घरतभाऊ आमच्या ऑफिसात पार्टलिस्ट काढायचे. कॉम्प्युटरवर मशीनचं ड्रॉइंग झालं की एक बटण दाबायचं. कुठला भाग किती नग लागणार, याची यादी आपोआप एक्सेलमध्ये येते. बटण दाबायचा पगार घेणारा माणूस, असं आम्ही त्यांना म्हणायचो. पण भाऊंचं काम बटणानंतर सुरू व्हायचं. डावा ब्रॅकेट काढून आरशातल्यासारखा उलटवला की उजवा तयार होतो, आणि सॉफ्टवेअर दोघांना एकाच ओळीत कोंबून मोकळं होतं: ब्रॅकेट, नग दोन. तळोज्याच्या एका वर्कशॉपने त्या ओळीवर विश्वास ठेवून दोन्ही डावेच कापले. मशीन काही जुळेना, आणि सगळ्यांनी एकमेकांच्या नावाने शिमगा केला. तेव्हापासून भाऊ प्रत्येक यादी उघडून ओळी फोडत बसायचे. "सारखं दिसतंय म्हनून एक नाय होत," ही पुटपुट दिवसभर चालू.

साहेब वैतागायचे. "अहो, सॉफ्टवेअर सांगतंय ना, सेम आहे म्हणून!"

"सॉफ्टवेअरला भाऊ हाय का, साहेब?"

साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे. आम्ही मात्र खिदळायचो. त्या ऑफिसात हसण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

एका मे महिन्यात भाऊ म्हणाले, "संध्याकाळी गव्हाणला घरी ये. पुतनीची हळद हाय." आगऱ्यांकडची हळद म्हणजे मटण आणि डीजे. मी दुपारी डब्याला हातही लावला नाही.

जमिनी सरकारने घेतल्यावर आलेल्या पैशातून दोघा भावांनी मिळून घर बांधलेलं. मध्ये एक भिंत आणि दोन्हीकडे सगळं तंतोतंत उलटं: जिना, ओटा, तुळससुद्धा. नकाशा कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. उजव्या घरापुढे मांडव होता आणि मांडवात फेटा बांधून भाऊच उभे होते. मी हसत हात पुढे केला.

"मी तो नाय," माणूस तुटकपणे म्हणाला. "तो डावीकडं."

डावीकडे ना मांडव, ना तोरण. घरतभाऊ कडक इस्त्रीचा नवा शर्ट घालून आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. समोर मधल्या भिंतीतला दरवाजा सताड उघडा होता, आणि चौकटीत विटा.

"सासूबाईंसाठी केलता हा दरवाजा," वहिनी पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाल्या. "इकडं जेवायच्या, तिकडं झोपायच्या. त्या गेल्या आन् फोटो कुनाकडं लावायचा, यावरनं दोघं जुळे भांडले. दिरांनी त्यांच्या बाजूनं विटा लावल्या. हे अजून रोज सकाळी दार उघडतात. बिजागरीला तेल घालतात."

"पण आज बोलावलंय ना तुम्हाला?" मी भाऊंना विचारलं.

"नाय अजून. कुनी बोलवायला आलं तर तयार असावं म्हनून बसलोय. तुला म्हटलं, सोबत होईल."

मला संताप आला. त्या फेटेवाल्याचा आला, आणि असं कपडे करून विटांसमोर बसणाऱ्या या माणसाचाही आला. उठून मांडवात जावं आणि चार शब्द सुनवावेत, असं वाटलं. गेलो नाही.

पलीकडे डीजे थांबला. हळद लावायला माइकवरून एकेकाला हाक मारायला लागले. मामा झाले, आत्या झाल्या, मावश्या झाल्या. भाऊ प्रत्येक नावाला मान वर करायचे. शेवटी शेजारीपाजारीही झाले, आणि माइक बंद झाला.

"एवढीशी होती, तवा याच दारातनं रांगत यायची," भाऊ म्हणाले.

ते उठले. कोनाड्यात हळद कालवून ठेवलेली वाटी होती. तिच्यात बोटं बुडवून ते विटांपुढे वाकले. एका विटेला हळद लावली, मग वीतभर अंतर सोडून दुसरीला.

"हा डावा गाल," ते म्हणाले. "हा उजवा."

पलीकडे डीजे पुन्हा सुरू झाला.