मोघेकाकांचा चिमटा

नवं पुस्तक घरी आणलं की मोघेकाका सर्वांत आधी त्याच्या शेवटच्या पंधरा-वीस पानांना कपड्यांचा चिमटा लावतात. आमच्या वारज्यात वारा असा सुटतो, की चिमट्याशिवाय वाळत घातलेली लुंगी थेट खडकवासल्याच्या धरणात जाऊन पडते. माझ्या दोन गेल्या आहेत. पण काकांच्या दोरीवरचे टॉवेल देवाच्या भरवशावर आणि चिमटे सगळे कपाटात, रहस्यकथांच्या शेपटीला.

"असं का हो काका?" मी एकदा विचारलं.

"शेवट मला बघवत नाही. कोण जगलं, कोण गेलं, ते दुसऱ्यानं सांगावं."

म्हणून काका चिमट्यापर्यंत वाचतात आणि मग पुस्तक घेऊन बिल्डिंगमधल्या कुणाच्या तरी दारात उभे राहतात. "चिमटा तुम्ही काढा. संध्याकाळी येऊन सांगा." सुटका नाही. तळमजल्यावरचा आयटीवाला म्हणाला, "काका, उद्या डेडलाइन आहे हो." काका म्हणाले, "कुणी मरणार आहे का त्यात? नाही ना? मग हे वाचा, यात चार मरतात."

एरवीही ते भलते चौकस. स्वारगेटला उतरणारा माणूस तीन थांबे आधीच दाराशी का उभा राहतो? फोनवर बोलणारा माणूस घरभर का फिरतो? एकेका प्रश्नावर काका तुम्हाला जेवणाची वेळ टळेपर्यंत धरून ठेवतात. माझी बायको म्हणते, "त्यांना उत्तर नको असतं, समोर माणूस हवा असतो." मी तिकडे लक्ष देत नाही. ती आधीच शेवट सांगून टाकणाऱ्यांपैकी आहे.

परवा माझी पाळी आली. एका बंगल्यात एकामागून एक खून, असं काहीसं पुस्तक. पण नेमक्या सासूबाई आलेल्या आणि त्या असल्या की आमच्या घरात दुसऱ्या रहस्याला जागा उरत नाही. चिमटा तसाच राहिला. संध्याकाळी काकांकडे गेलो, तर दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवलेल्या.

"हं. कोण निघाला खुनी?"

थाप मारायला मला श्वास घेण्याहून कमी कष्ट पडतात. पुस्तकाच्या पाठीवर एका माळ्याचा उल्लेख होता, तेवढ्या भांडवलावर मी सुरू झालो. "माळी! झाडं छाटायच्या कात्रीनं! विहिरीत आठवडाभर लपून बसला होता. पण त्याच्या अंगाला मोगऱ्याचा वास, तिथंच फौजदारानं पकडलं. मालकीणबाई ढसाढसा रडल्या."

काका खुर्चीत पुढे सरकले.

"माळी तिसऱ्या प्रकरणातच मेलाय हो."

आता सगळ्या बिल्डिंगसमोर माझी शोभा होणार! पण काका हसत होते.

"सुलभा अशीच सांगायची. पोळ्या लाटता लाटता. मला वाटायचं, वाचून सांगते. कितीतरी वर्षांनी एकदा चिमटे काढून पडताळलं, तर एक शेवट जुळेल तर शपथ! आणि छापलेल्यापेक्षा हिचेच बरे होते. मग पुन्हा पडताळलं नाही."

सुलभाकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली. चिमट्यांचा खेळ त्यांचा होता, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ती गेल्यापासून सगळ्यांना विचारून पाहिलं," काका म्हणाले. "सगळे खरं सांगतात हो. ऐकताक्षणी कळतं, अगदी छापल्याबरहुकूम. एवढी प्रामाणिक माणसं एकाच बिल्डिंगमध्ये कशी जमली, कोण जाणे."

मी ओशाळून उठायला लागलो, तर त्यांनी हात धरून मला खाली बसवलं.

"अहो, निघालात कुठं? चहा टाकतो. मेलेला माणूस परत कसा आला, ते जरा नीट सांगा."