न ऐकलेल्या रेकॉर्डचा निकाल

कोणत्याही कलाकृतीचं निःपक्षपाती मूल्यमापन करायचं, तर तिच्यापासून सुरक्षित अंतर राखणं आवश्यक असतं. या गोष्टीतल्या दातांच्या डॉक्टरांनी ते वर्षानुवर्षं निष्ठेने राखलं होतं. त्यांच्याकडे सातशेच्या वर रेकॉर्डी होत्या आणि बहुतेकींचं प्लॅस्टिकचं आवरण कारखान्यातून आलं तसं शाबूत होतं. आवरण फाडलं की रेकॉर्डचा भाव उतरतो. वाजवली की आणखी उतरतो. (आवडली तर काय होतं, याविषयी संग्राहकांकडे माहिती उपलब्ध नाही.)

डॉक्टर एका संग्राहक मंडळाचे चिटणीस होते. रॉक बँडांच्या नव्या अल्बमांवर निकाल देणं हे मंडळाचं मुख्य कार्य. त्यासाठी ‘अव्वल’, ‘बरा’ आणि ‘घसरण’ अशा तीन श्रेण्या होत्या. पैकी पहिल्या दोन अजून कोऱ्या करकरीत होत्या. कोणत्याही बँडचा पहिला अल्बम वगळता बाकी सर्व ‘घसरण’ या श्रेणीत मोडतात, असं मंडळाने सखोल अभ्यासाअंती ठरवलं होतं. त्यामुळे बैठका वेळेवर संपत आणि चहा गरम मिळे.

तर अशा या डॉक्टरांच्या सगळ्यात लाडक्या बँडचा नवा अल्बम बऱ्याच वर्षांनी आला. डॉक्टरांनी रेकॉर्ड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली, कव्हरचा करडा रंग खिडकीपाशी नेऊन तपासला, गाण्यांची नावं चष्मा वर करून वाचली आणि अहवाल लिहिला : ‘बँडकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.’

“त्यातलं तिसरं गाणं फार छान आहे हो,” त्यांची बायको म्हणाली. घराला लागूनच असलेल्या दवाखान्यातलं बाहेरचं टेबल ती सांभाळायची आणि पेशंट नसले की मोबाइलवर तोच अल्बम लावायची.

“मोबाइलवर ऐकलेलं धरत नाहीत,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टक्कल पडलेले, गाल सुजलेले गृहस्थ आले. दाढ पार किडली होती. डॉक्टरांनी भूल दिली, तोंडात कापसाचे बोळे कोंबले, लाळ ओढणारी नळी अडकवली आणि पेशंटचं मन रमावं म्हणून विषय काढला.

“गाणीबिणी ऐकता का?”

“आँ,” पेशंट म्हणाले.

“मग हा नवा अल्बम घेऊ नका,” असं म्हणून डॉक्टरांनी नाव सांगितलं. पेशंटचे डोळे मोठे झाले. डॉक्टरांनी भूल थोडी वाढवली. “पहिला अल्बम म्हणजे आग होती हो. आता गायकाचा आवाजच गेलाय. माणसाने वेळेत थांबावं, तर तेही नाही. पटतंय ना?”

“आँऽ आँ,” पेशंट म्हणाले. ते पटल्याचं डॉक्टरांनी गृहीत धरलं. (खुर्चीतला पेशंट सहसा वाद घालत नाही, डॉक्टरांच्या चर्चा नेहमी सौहार्दपूर्ण होत त्या यामुळेच.)

काम झालं. पेशंट गाल धरून बाहेर गेले. हात धुऊन डॉक्टर मागोमाग आले, तर बायको टेबलामागे उभी होती, चेहरा लाल झालेला, आणि हातात डॉक्टरांची ती रेकॉर्ड. प्लॅस्टिकचं आवरण जमिनीवर पडलं होतं.

“अहो, हे त्या बँडचे गायक आहेत. सही घ्यायची तर उघडावी लागणारच की.”

पहिल्या अल्बमच्या कव्हरवर या माणसाचे केस खांद्यापर्यंत होते. डॉक्टरांनी एकदा त्या टकलाकडे, एकदा जमिनीवरच्या आवरणाकडे पाहिलं. जास्त दुःख कशाचं करावं, हे त्यांना पटकन ठरवता येईना.

“दॉक्तर,” गायक सुन्न जिभेने म्हणाले, “पयला अल्बम मलाई आवदतो. पन आता तसं ओरदवत नाई. आता जे येतं, ते गातो.” आणि पुढची तारीख घेऊन गेले.

भाव तर उतरलाच होता. वाजवायला आता हरकत नव्हती. दुपारी दवाखाना बंद करून, घरातला रेकॉर्ड प्लेअर बाहेर आणून नवराबायको रिकाम्या बाकावर बसले. गायकाचा आवाज खरंच बसला होता. पण बसलेला माणूस जसा जवळ बसून बोलतो, तसा तो जवळचा वाटत होता. तिसऱ्या गाण्याला डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले. बायकोने सुई उचलून मागे ठेवली.

रविवारी बैठकीत डॉक्टर उभे राहिले. “अहवालात थोडी दुरुस्ती आहे. मी... ती ऐकली.”

खोली गार पडली. अध्यक्षांनी, जे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते, कप खाली ठेवला.

“उघडली?”

“उघडली गेली. आणि मला आवडली.”

“डॉक्टर, तुमच्याविषयी आदर आहेच,” अध्यक्ष हळुवारपणे म्हणाले, “पण ज्याने ऐकली त्याचे हितसंबंध गुंतले. या विषयावर तुम्हाला बोलता येणार नाही. हात मात्र वर करता येईल.”

मूळ अहवाल मताला टाकला. सगळे हात वर गेले. डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. इतक्या वर्षांची मित्रमंडळी, सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांचाही हात वर गेला. पूर्ण नाही, कोपरापर्यंत. ‘घसरण’, सर्वानुमते.

ठरलेल्या तारखेला गायक पुन्हा खुर्चीत बसले. सूज उतरली होती, जीभ मोकळी होती.

“मग डॉक्टर,” त्यांनी विचारलं, “ऐकलीत का?”

डॉक्टरांनी मास्क नाकावर ओढला, दिवा जवळ घेतला.

“आ करा,” ते म्हणाले.

आता आपण सुज्ञ वाचक आहात. गोष्ट ठीक आहे, पण या लेखकाच्या सुरुवातीच्या लेखनात होती ती धार आता राहिली नाही, हे आपल्या लक्षात आलंच असेल. (ते सुरुवातीचं लेखन आपण वाचलं आहे का, असा अडचणीत टाकणारा प्रश्न इथे कोणीही विचारणार नाही.)