सुकेशनीचं एकाग्र मन आणि भामाबाईची मोटार

"माझं मन? खुंट्याला बांधलेली म्हैस आहे, आई! हलायचं नाव नाही!" सुकेशनीनं छातीठोकपणे सांगितलं.

बी.एड.चा ऑनलाइन वर्ग होता आणि आज बोलायची पाळी तिची होती. विषय, 'ऑनलाइन शिकताना भरकटणाऱ्या मनाला आवर कसा घालावा'. मार्क देणार कमरोद्दीन सर, आणि सर म्हणजे आखडत्या हाताचे!

"म्हैस राहू दे खुंट्याला," सुगंधाबाई कामाला निघता निघता म्हणाली. "नळ आला की पाइप हौदात सोड. आज चुकलीस तर आठवडाभर कोरडं!"

त्या साली दुष्काळानं धरणाचा तळ उघडा पडला होता. त्यांच्या गारखेड्यात इमारती मात्र कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या!

दार-खिडकी लावून सुकेशनी मोबाइलपुढं बसली.

"मित्रांनो, मन भरकटलं की..."

तेवढ्यात स्क्रीनवर, मागच्या गल्लीतल्या वर्गमैत्रिणीच्या, यास्मिनच्या चौकटीत, तिची अम्मी दोन बादल्या घेऊन पळताना दिसली. पाणी आलं!

"...की त्याला प्रेमानं नळाखाली... आपलं, वर्गात परत आणावं!"

बोलता बोलताच ती मोबाइल घेऊन अंगणात धावली. पाइप हौदात सोडला. पण नळ नुसता खोकत होता! शेजारच्या भामाबाईनं नळाला थेट मोटार जोडून अख्ख्या गल्लीचं पाणी ओढायला घेतलं होतं. सुकेशनीचं टाळकं सटकलं. माइक बंद करायचं भान कुणाला!

"भामामावशी, मोटार बंद करा!"

"कसली मोटार? हितं मोटारच नाय!" घरघरणाऱ्या मोटारीपुढं लुगडं पसरून भामाबाई म्हणाली.

तोच मोबाइलमधून सरांचा आवाज गरजला, "अहो, कॅमेरा चालू आहे! आम्हाला सगळं दिसतंय!"

भामाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "महापालिकेचा साहेब आणलास व्हय गं?" मग मोबाइलपुढं हात जोडून, "साहेब, चुकलं! आंघोळीपुरतीच लावली होती!"

पण एव्हाना कॅमेरा आभाळाकडं वळला होता; सरांना वाटलं, सुकेशनीच बोलतेय. "आंघोळ? वर्ग चालू असताना? जरा स्वतःवर ताबा ठेवायला शिका!"

"ठेवते, साहेब!" भामाबाईनं वायर उपटली आणि गल्लीभर बोंब ठोकली, "बायांनो, साहेब मोबाइलमधून बघतोय गं!"

घरोघरच्या मोटारी फटाफट बंद झाल्या. नळाला असा जोर आला की बघत राहावं! सुकेशनी विजयी मुद्रेनं घरात परतली, दार लावलं, सरांची माफी मागितली आणि जी बोलत सुटली, ती विषय संपवूनच थांबली. सर चक्क म्हणाले, "माशाल्ला! शेवटी लक्ष अजिबात हललं नाही तुमचं!"

ती फुगून दार उघडते, तो समोर कामावरून परतलेली आई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलानं माखलेले.

"पाण्याच्या जोरानं पाइप हौदाबाहेर पडला! हौद कोरडा, अन् गल्लीला पूर! व्हतीस कुठं?"

"आई, पण आज माझं मन जरासुद्धा..."

"लई चांगलं झालं!" आईनं तिच्या हातात घागर दिली. "आता ते न हलणारं मन घे, अन् टँकरच्या रांगेत उभी राहा!"