घटातलं सोयाबीन

देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलेली कागदी पुडी जागेवर नव्हती. स्नेहलने समईमागेही हात घालून पाहिला.

पुडीत सोयाबीनचे दाणे होते, मूठभरसुद्धा नाहीत. पण तेवढ्यांसाठी स्नेहलने अख्खा पावसाळा निफाडजवळच्या संशोधन केंद्रावर वाफ्यात गुडघे टेकून काढला होता. चिमट्याने इवलीशी कळी उघडायची, आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. एक वाण भरघोस पिकणारा. दुसरा रानटी, पाण्यावाचून तगणारा, खोडमाशी ज्याच्या वाटेला जात नाही असा. त्या दोघांचं तिने लग्न लावलं होतं आणि हे दाणे म्हणजे त्यांची पोरं. ती सुकवायच्या वेळीच केंद्रातली वीज गेली. स्नेहलचा नवरा रोहित एकलहऱ्याच्या वीज केंद्रात असल्यामुळे त्यावर व्हायचे ते सगळे विनोद झाले, आणि तिने दाणे नाशिक रोडला घरी आणले. घरातली सर्वांत कोरडी, उबदार आणि रांगत्या लेकीचा, सृष्टीचा, हात न पोचणारी जागा म्हणजे समईशेजारची फळी.

"आई, इथे एक पुडी होती..."

सासूबाई, सिंधुबाई, पदराने डोळे टिपत वळल्या. "पाहिली गं बाय. लय बरं वाटलं मला. लग्न झाल्यापासून देवाला कधी धड हात जोडले नाय तू, अन् घट बसायच्या दिवशी आपल्या हातचं धान्य देवापुढं ठेवलंस! गव्हासंगं पेरून टाकलं मी. समद्या बिल्डिंगला सांगून आले."

देव्हाऱ्यासमोर पत्रावळीवर काळी माती, मधे पाण्याचा घट, वर नारळ. आता दसऱ्यापर्यंत तो जागचा हलवायचा नाही. स्नेहलने सासूबाईंचे ओले डोळे पाहिले आणि तिच्या तोंडून निघालं, "बरं केलंत."

मग बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, ती पोटभर रडली. बाहेर येऊन तिने केंद्रातल्या साहेबांना फोन लावला.

"पगार सर, ते दाणे मी उगवून बघायला लावलेत."

"घरी? कशात?"

"एकदम... नियंत्रित वातावरणात. कुणी हातसुद्धा लावत नाही."

"शाब्बास! दसऱ्यानंतर रोपं घेऊन या. त्यांच्यावरच आपला पुढचा प्रकल्प उभा आहे. एवढी गेली तर तुमचं नि माझं काम इथेच संपलं."

सृष्टी झोपावी म्हणून घटाच्या खोलीचा पडदा कायम ओढलेला असे. उजेड तेवढा घटाच्या उजव्या हाताच्या समईचा. डाव्या हाताला पाळणा. सोयाबीन उगवलं ते मान खाली घालून, तान्ह्या पोरासारखं. स्नेहलचा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्याच दिवशी तिच्या लक्षात आलं, गहू कमी होतोय.

रोज सकाळी गव्हाची काही पाती मातीलगत नाहीशी झालेली असत. कुरतडलेली नव्हे, साफ कापलेली. तिने बॅटरी लावून माती धुंडाळली. अळी नाही, विष्ठा नाही, उंदराचा माग नाही. आणि सोयाबीनच्या एका पानालाही धक्का नाही. वाणाची कीड-प्रतिकारशक्ती म्हणावी, तर कीड कुठे होती?

त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, ती दारातच थबकली. रोप उजेडाकडे वळतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती. समई उजवीकडे होती. रोपं सगळीच्या सगळी डावीकडे वाकली होती. पाळण्याकडे. आणि पाळण्यात सृष्टी जागी होती, अगदी गप्प, त्यांच्याकडे बघत. मग ती हसली, जसं ओळखीच्या माणसाला पाहून हसावं.

स्नेहल पुढे धावली. तिने पाळणा ओढत दाराशी नेला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत सगळ्या माना दाराकडे वळल्या होत्या.

वरच्या मजल्यावरच्या चतुराबाई हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी ते पाहिलं. "अगं बया! देवीच पोरीकडं बघतीय!"

मग काय, बायकांची रीघ लागली. जिन्यात चपलांचा खच, खोलीत उदबत्त्यांचा धूर. कुणी ओटी भरतंय, कुणी फोटो काढतंय. चतुराबाईंनी हात पुढे केला. "एक पान घेते गं, नातवाच्या दहावीसाठी."

"हात लावू नका!" स्नेहल एवढ्या मोठ्याने ओरडली की आरती मधेच थांबली.

सिंधुबाई शांतपणे म्हणाल्या, "सोवळं लय कडक हाय आमच्या सूनबाईचं." बायकांनी स्नेहललाच नमस्कार केला.

दसरा उजाडला. घट उठवायचा, घटातली रोपं उपटायची, पुरुषांच्या टोपीत आणि बायकांच्या केसांत खोवायची, ही घरची रीत. स्नेहल कागदी कप आणि चमचा पाठीमागे धरून घटासमोर उभी राहिली. सिंधुबाईंनी आत येऊन दाराला कडी घातली.

"आण ते कप."

"कसले कप, आई?"

"मागं लपवलेत ते. पहिल्याच माळेला कळलं मला. नळ सोडून रडलं म्हंजी बाहेर ऐकू येत नाय वाटतं? सरांशी फोनवर काय बोललीस तेबी ऐकलं. मला सांगायचं नाय होय?"

"तुम्ही इतक्या खूश होता..."

"मग मी तरी तुला कोणत्या तोंडानं सांगू? देवीपुढचा गहू कात्रीनं कापत होते रोज पहाटं, तुझ्या पोरांना जागा व्हावी म्हनून. देवीला म्हनलं, तूबी लेकुरवाळीच, घे समजून." त्यांनी कोनाड्यातून स्टीलचा डबा काढला. आत कापलेला गहू नीट ठेवलेला होता. "हा खोवू टोपीत. रोहितला काय कळतंय!"

दोघी मांडी घालून बसल्या आणि एकेक रोप मातीसकट कपात उतरवू लागल्या. एकही दगावलं नव्हतं. स्नेहलला हसू फुटलं. "आणि मी मूर्खासारखी घाबरत होते! रोपं सृष्टीकडे वळावीत म्हणून रोज घट फिरवत पण तुम्हीच होता ना?"

सिंधुबाईंचा हात थांबला.

"घट कुणी हलवतं का? कापनं येगळं, हलवनं येगळं. मला तर वाटलं, तूच फिरवतीस."

समई तडतडली. पाळण्यात सृष्टीने मूठ उघडली आणि कपांना टाटा केला.

रोपं त्याच दिवशी केंद्रातल्या हरितगृहात पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी पगार सरांचा फोन आला.

"मॅडम, रोपं झकास आहेत. पण एक गंमत सांगू का? ऊन पूर्वेकडून येतंय आणि ही सगळी पश्चिमेकडे मान करून बसलीत. तुमच्या नाशिक रोडकडेच बघतायत म्हणा की!" ते मोठ्याने हसले. फोन ठेवून स्नेहलने ते सासूबाईंना सांगितलं.

"आठवन काढत्यात पोरं," सिंधुबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"आई, असं काही नसतं," स्नेहल म्हणाली. मग केंद्रावर न्यायचा जेवणाचा डबा पिशवीत भरला, दाराशी जाऊन परत आली आणि सृष्टीचं एक वापरलेलं टोपरंही आत टाकलं. प्रयोग म्हणून.