रुपरावांच्या दारातला रोलर

मार्चच्या अठ्ठावीस तारखेला, रुपराव दुपारचं जेवून आडवे झाले असताना, घराची भिंत थरथरली आणि फळीवरचे डबे खडखडले. सुभद्राबाईंनी दार उघडलं, तर समोर गल्ली दिसेना. उंबरठ्यापासून वीतभर अंतरावर एक पिवळं, पुरुषभर उंचीचं लोखंडी चाक उभं होतं.

बोरडोहच्या नगरपालिकेला केंद्र सरकारच्या अनुदानातून रोड रोलर मिळाला होता. नागपूरहून तो घेऊन आलेल्या कवडू ड्रायव्हरचं डिझेल नेमकं इथेच संपलं. त्याने पोचपावतीवर नगरपालिकेची सही घेतली आणि तो चारच्या एसटीने परत गेला.

सुभद्राबाई अंग चोरून कशाबशा बाहेर पडल्या. रुपरावांच्या देहाला ते शक्य नव्हतं. बाई तडक नगरपालिकेत बडे बाबू भैयाजींच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"भैयाजी, ते धूड काढा आमच्या दारातून! आमच्या मालकाले बाहेर निंघता येऊन नाही राहिलं."

"काढलं असतं, वहिनी. पण दिल्लीचं अनुदान फकत रोलरसाठी हाये. डिझेल अन् ड्रायव्हर राज्याच्या हिश्शातून. ते मंजूर व्हायचं हाये."

"मंग डिझेलबिगर आणला काहून?"

"एकतीस तारखेच्या आत आणला नसता तं अनुदान वापस गेलं असतं न."

"अन् रस्ता?"

"ते तिसरं अनुदान. त्याचा अर्ज गेला हाये."

"वैशाखात आमच्या प्रेमिलाचं लग्न हाये! मांडव का त्या रोलरवर टाकू?"

भैयाजींनी गंभीरपणे विचार केला. "टाका. पण खिळे नका ठोकू. सरकारी मालमत्ता हाये."

रुपरावांनी खिडकीतूनच हुकूम सोडून बैलांच्या सहा जोड्या मागवल्या. बैलांनी जोर लावला, साखळी तुटली आणि ती धरून बसलेला गडी धोंडबा थेट समोरच्या गोठ्यात जाऊन पडला. रोलर तसूभरही हलला नाही.

शेवटी मांडव रोलरला पोटात घेऊनच पडला. वरपक्ष आला. व्याही रोलरभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हे काय हो, रुपराव?"

"नगरपालिकेनं पाठवला, लग्नासाठी," रुपराव खिडकीतून म्हणाले. व्याह्यांना आपला मोठाच मान झाल्यासारखं वाटलं आणि मानपानाचं एकही भांडण झालं नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीत रोलर हातभर खचला. दिवाळीत डिझेल मंजूर झालं, कवडूही आला. पण मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर चिखलाचा सडा पडला.

"खाली पक्का रस्ता पाह्यजे," कवडू म्हणाला. "त्याबिगर हा नाही निंघत."

पुढच्या वर्षी रस्त्याचं अनुदान आलं. त्यात अट होती, की काम नगरपालिकेच्याच रोलरने व्हावं. म्हणजे रस्ता झाल्याशिवाय रोलर निघणार नव्हता आणि रोलर निघाल्याशिवाय रस्ता होणार नव्हता. भैयाजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी गिट्टीच्या गाड्या रुपरावांच्या दारात रिकाम्या करवल्या. चाकाखाली गिट्टी टाकायची, रोलर चार हात पुढे घ्यायचा, तेवढंच दाबायचं, पुन्हा गिट्टी. असं करत बाराव्या दिवशी रोलर मोठ्या रस्त्याला लागला आणि तिथेच अनुदान संपलं.

गावात पक्की अशी एकच गल्ली झाली. सुभद्राबाईंनी घरोघर पेढे वाटले. रुपराव दीड वर्षानंतर दारातून, छाती काढून बाहेर पडले.

हे सुख आठ दिवस टिकलं. नवव्या दिवसापासून नदीतल्या रेतीचे ट्रक गावातल्या या एकमेव पक्क्या गल्लीने जाऊ लागले. पहाटेपासून भोंगे. पापडांत रेती, वरणात रेती. रुपरावांनी पुन्हा घराबाहेर पडणं सोडलं.

सुभद्राबाई पुन्हा भैयाजींसमोर उभ्या राहिल्या. या वेळी आवाज खाली होता.

"भैयाजी, तो रोलर वापस आणून ठेवा न आमच्या दारात."

भैयाजींनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला. "अर्ज द्या, वहिनी. पण तुमचा नंबर अठरावा लागन."

"अगाई! एवढे कोणाचे अर्ज?"

"साऱ्या गावाचे. रोलर दारात फसला का रस्ता होते, हे पाह्यलं न लोकायनं."

"अन् पह्यला नंबर कोणाचा?"

भैयाजींनी गठ्ठ्याची दोरी उगाचच सोडली, पुन्हा बांधली.

"माहाच हाये," ते म्हणाले.