सुभेदाराचा उजवा पाय

मी सुभेदार नाथाजी, हल्ली मुक्काम तासगाव. फौजेत होतो तेव्हा सकाळी जवानांची रांग लावून पाय तपासायचो. कुणाच्या टाचेला फोड, कुणाच्या बोटांत चिखल्या, एका नजरेत सांगायचो! अशा माणसाला पायांबद्दल शिकवायचं म्हणजे काजव्यानं सूर्याला उजेड दाखवायचा!

पण आमच्या घरचा काजवा हटत नाही. शालूबाई तिचं नाव, माझी बायको. मला शुगर होऊन बरीच वर्षं झाली, त्यापायी पावलांच्या नसा बधिर झाल्या. डॉक्टर तिला म्हणाले, "यांना लागलं तरी कळणार नाही. रोज बघत जा." झालं! तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की हुकूम, "पाय वर!" मग आरसा धरून तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं बारकाईनं बघणार. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, मऊ बूट घालायचे. घालायच्या आधी बूट उलटा करून झटकायचा, आत हात फिरवायचा. आणि मोजे? पांढरे!

"पांढरे कशाला? मी काय शाळेत चाललोय?"

"रगात आलं तर दिसतं त्यावर."

"सुभेदाराला रगात आलेलं कळत न्हाई व्हय गं?"

"न्हाई कळत," ती म्हणाली. "म्हनून तर."

अशात आमच्या लेकीचा, क्रांतीचा साखरपुडा ठरला. पाहुणे म्हसवडचे, तालेवार माणसं. मी सकाळीच जाहीर केलं, "आज सगळा बंदोबस्त माझ्याकडं! एक चूक दाखवा, मिशी उतरवतो!"

सफारी चढवली, सफारीला शोभतील असे काळे मोजे चढवले, आणि गडबडीत बूट तसेच पायात सरकवले. शालू स्वयंपाकघरात होती, त्यामुळं झटकायची भानगड नव्हती. तेवढ्यात क्रांती ओरडली, "आबा, कपाटाची चावी न्हाई!"

ही चावी दाराजवळच्या खिळ्याला असते, खाली बुटांची मांडणी. खिळा रिकामा! आणि कपाटात नवरदेवाची अंगठी, पोशाख, क्रांतीची साडी. मुहूर्त तोंडावर आलेला!

"घाबरू नका!" मी गरजलो. "शोधमोहीम सुरू!"

मी गव्हाची कणगी उपसली. गुरुजींची पिशवी झाडून घेतली, गुरुजी रुसले. आचाऱ्याला म्हणालो, "भाताचं पातेलं उलटं कर!" तो झारा घेऊन आडवा उभा राहिला. बेदाण्याच्या शेडपर्यंत दोनदा पळत जाऊन आलो. धापा टाकत परत आलो आणि कपाटाला सणसणीत लाथा घातल्या. उजव्या पायानं! क्रांती म्हणाली, "आबा, पायाला लागंल!"

"फौजी पाय हाय पोरी, कपाटाला लागंल!"

शेवटी पहार आणून दार उचकटलं. सगळ्यात वर काय होतं? पांढऱ्या मोज्यांची नवीकोरी पुडी. शालूनं आजच्यासाठी आणून ठेवलेली. मी ती बाजूला फेकली आणि अंगठी काढली.

पाहुणे आले. बैठकीवर पांढरीशुभ्र चादर. मी बूट दारात काढले आणि ऐटीत चालत जाऊन पाटावर बसलो. नवऱ्या मुलाची आई अंजनाताई एकदम हरखल्या. "आगं बया! कुकवाची पावलं काढलीत! लक्ष्मीची पावलं! किती हौस म्हनायची!"

मागं वळून बघितलं तर खरंच, चादरीवर लाल पावलं! मला वाटलं, क्रांतीचं काम असणार. पण श्रेय कशाला सोडा?

"बंदोबस्त माझाच!" मी मिशीवर हात फिरवला.

व्याही नानासो जरा बारीक नजरेचा माणूस. "पर सुभेदार, ही एकाच पायाची कशी?"

"आमच्यात... तशीच पद्धत हाय!"

तेवढ्यात शालू ओवाळणीचं तबक घेऊन आली. तिनं चादर बघितली, माझ्याकडं बघितलं. तबक तिथंच टेकवलं.

"आवं! हलू नका!"

काय तो आवाज! उभ्या नोकरीत परेड मैदानावर माझा असा आवाज लागला नाही. भरल्या बैठकीत, व्याह्यांच्या समोर ती खाली बसली आणि माझा उजवा पाय मांडीवर घेतला. मोजा काढला. तळव्याला चांगलीच चीर पडली होती.

"दुखतंय का?"

"छ्या! जरासुदिक न्हाई."

"त्येचंच भ्या वाटतंय मला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

तिनं स्वच्छ पाण्यानं जखम धुतली, धुतलेलं फडकं बांधलं आणि उठून हात जोडले. "पावनं, माफी करा. आधी डॉक्टर, मग साखरपुडा."

"आगं, मुहूर्त टळंल!" मी कुजबुजलो.

"मुहूर्त दुसरा काढता येतोय. पाय कुठनं आनायचा?"

नानासो उठून उभे राहिले. मी मनात म्हटलं, मोडली सोयरीक! पोरीचा चेहरा पांढराफटक झाला होता.

नानासो शालूपाशी आले, खाली बसले आणि गुमान आपला मोजा काढला. काळाच होता! "ताई, माझाबी पाय बघता का वाईच? मलाबी शुगर हाय. ह्यो बधिर झालाय, पर घरात सांगितलं न्हाई."

"काय म्हनालात?" अंजनाताई कडाडल्या. "आनि पायाला तेल चोळताना गुडघं दुखत्यात म्हनून मला फसवत हुता व्हय!"

शालूनं त्यांचाही पाय हातात घेतला, आरसा मागवला. अशी बाई लाखात एक, हे मला त्या बैठकीत सगळ्यांदेखत कबूल करावंसं वाटलं. केलंसुद्धा! नानासो म्हणाले, "ह्या घरची लेक आमच्यात यायलाच पायजे. मुहूर्त थांबंल."

"पर कापलं कशानं?" शालूनं माझा बूट मागवला, उलटा केला, झटकला.

खण्ण!

कपाटाची चावी!

सगळी बैठक एकदा चावीकडं, एकदा मोडक्या कपाटाकडं बघायला लागली. क्रांती हळूच म्हणाली, "म्हंजी आबा, तुमी लाथा मारत हुता तवा चावी कपाटापतूर धा येळा पोचली हुती की!"

दवाखान्यातनं पट्टी बांधून आल्यावर साखरपुडा झाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात म्हणून निभावलं. पाहुणे गेल्यावर मी गुपचूप एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात आरसा घेऊन उभा राहिलो. शब्द म्हणजे शब्द! मागनं शालूनं माझ्या हातातला आरसा काढून घेतला.

"मिशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पाय वर!"