सगळ्यांना दहा मिनिटं

सुंदररावांकडं चहा घेतला, तिथंच बंकटचं चुकलं. आष्टीत केबलवर बातम्यांचं चॅनल चालवणारा हा गडी भलताच नेक. नगरपंचायतीच्या निवडणुकीत त्यानं वॉर्डातल्या तिन्ही उमेदवारांना थेट प्रक्षेपणाची दहा-दहा मिनिटं द्यायचं ठरवलं होतं, ना एक कमी ना एक जास्त. पण पहिले उमेदवार सुंदरराव, त्यांच्याकडचा चहाचा कप कॅमेऱ्यात दिसला आणि विरोधातल्या परमेश्वरचा फोन आला.

"त्येंच्याकडं चहा पिलास ना बे? मंग आमच्याकडंबी प्यावा लागंल. कसला निःपक्ष तू?"

म्हणणं रास्त होतं. बंकट गेला. परमेश्वरनं चहाबरोबर भजी दिली. ते सुंदररावांना कळलं. त्यांनी परत बोलावून मटण वाढलं. मग परमेश्वर कसला मागं राहतोय? त्यानं बोकडच कापला. तोल सांभाळता सांभाळता प्रचाराच्या शेवटच्या दिवशी बंकटच्या पोटानं हात टेकले.

आणि त्याच दुपारी तिसऱ्या उमेदवार पंचशीलाताईंची वेळ होती. ताईंकडं ना फलक, ना भोंग्याची गाडी. ही दहा मिनिटं हाच त्यांचा सगळा प्रचार. त्यांनी सतरंजी अंथरली होती, भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढून ठेवलं होतं.

"ताई, जेवायचं न्हाई जमायचं. पोट लई बिघडलंय."

ताईंचा चेहरा उतरला. "आमच्या आईलाबी लोक असंच म्हनायचे, भाऊ. आमच्या वस्तीत आलं की समद्यांची पोटं बिघडत्यात."

अरे देवा! बंकटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो सतरंजीवर बसला आणि त्यानं ताट चाटूनपुसून खाल्लं.

मग कॅमेरा सुरू झाला. "आमच्या वस्तीत पान्याची..." एवढं ताई बोलल्या आणि बंकटच्या पोटात अशी कळ उठली, की तो हातातल्या माइकसकट पळत सुटला. पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही. घरोघरी दिसलं ते इतकंच: ताईंकडं जेवून पळणारा बंकट. दवाखान्यात सलाईन संपेपर्यंत प्रचाराची मुदतही संपली.

दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून ताईंच्या दारात गेला. तो काही बोलायच्या आत ताईंनी त्याच्या हातावर ओवा ठेवला.

"मीच चुकले, भाऊ. मला वाटलं, खोटं सांगताय. खरंच आजारी हुतात की!"

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बंकटला वाटलं.

"त्ये पान्याचं बोलायचं ऱ्हायलं," ताई म्हणाल्या. "आज घ्या ना."

"आज न्हाई दाखवता येत, ताई. काल प्रचार संपला. नियम हाय."

"समद्यांना सारखाच?"

"सारखाच," बंकट म्हणाला. त्याला मान वर करवेना.